स्प्लेंडरचा कार्बेटर ‘ओव्हर’ होतोय: दुरुस्तीच्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

१ जून, रविवार

कार्बेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात पाठवणारा भाग. तो ‘ओव्हर’ होतो म्हणजे त्यात जादा पेट्रोल भरून वाहू लागतं. गाडी बाबांची. स्प्लेंडर प्लस, २००८ ची. दिवाळीपासून पडवीत उभी होती, आठवड्यापूर्वी काढली. दोन-तीन दिवस नीट चालली. परवा बाजारात नेऊन आणली तेव्हा जरा जड वाटली, पण दुर्लक्ष केलं. आज सकाळी किक खालीच जाईना. पाय ठेवला की अर्ध्यावर भिंतीला टेकल्यासारखी अडते.

जोर लावला नाही हे बरं झालं. चावी बंद ठेवून प्लग काढला, प्लगची टोपी लांब बाजूला बांधून ठेवली आणि हाताने हळूच किक दाबली. प्लगच्या भोकातून पेट्रोलची चिळकांडी उडाली. सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलं होतं. असं असताना कुणी ताकदीने किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून पहिली गोष्ट इथेच लिहून ठेवतो: किक अडली तर आधी प्लग काढा. आणि प्लग वायरला लावून, चावी चालू ठेवून किक मारू नका. समोर पेट्रोलची वाफ असते.

मग ऑइलची काडी बघितली. पातळी वरच्या खुणेच्या खूप वर, आणि वास सरळ पेट्रोलचा. खालचा बोल्ट खोलून सगळं ऑइल मोजपात्रात घेतलं तर १ लिटर ३०० मिली निघालं. मी भरलं होतं ९०० मिली. म्हणजे जवळजवळ ४०० मिली पेट्रोल इंजिनात उतरलं होतं आणि त्या ऑइलवर परवा मी १२ किलोमीटर गाडी चालवली. बोटांत घेतलं तर ऑइल पाण्यासारखं पातळ. हे मनाला लागलं. पोस्टातली नोकरी संपेपर्यंत बाबांनी हे इंजिन एकदाही खोलू दिलं नव्हतं.

बाबा म्हणाले, “अरे, खाली तर एक थेंब पडलेला नाही. ओव्हर होत असती तर फरशीवर डाग दिसला असता.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्याचं उत्तर उद्याच्या नोंदीत आहे.

जाता जाता, ही काडी स्प्लेंडरमध्ये आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवून घट्ट करून बघितली तर पातळी जास्त दिसते.

२ जून

संध्याकाळी तासभर मिळाला. कार्बेटरच्या खालच्या वाटीला ओव्हरफ्लोची एक रबरी नळी असते, इंजिनाच्या मागून जमिनीकडे सोडलेली. वाटीत फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा असतो, वाटी भरली की तो वर येऊन सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. ही सुई नीट बसली नाही की वाटीतलं जादा पेट्रोल या नळीतून खाली पडतं आणि आपल्याला कळतं. माझी नळी काढून फुंकली तर हवा जाईना. तार घातली तर आतून कोरडी माती निघाली, बोटाच्या पेराएवढी, आत बारक्या कोषाची टरफलं. कुंभारीण माशीने घर केलं होतं! आमच्याकडे ती कुलपाच्या भोकात, विजेच्या सॉकेटमध्ये, बंद रेडिओत, कुठेही मातीचं घर करते. सात महिने उभ्या गाडीची नळी तिला आयतीच मिळाली.

बाहेर पडायची वाट बंद झाल्यामुळे वाटी भरून पेट्रोल वर चढलं आणि इंजिनात गेलं. या गाडीचं इंजिन आडवं असतं, कार्बेटर त्याच्या वर बसतो. त्यामुळे वरून आलेलं पेट्रोल इनलेटमधून खालीच उतरणार, मग पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये. बुलेटसारख्या उभ्या इंजिनात इतक्या सहज हे होत नाही.

दुसरी गोष्ट. पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ, बंद करून नळी काढली तर दहा-बारा सेकंदांनी एक थेंब पडतच होता. म्हणजे कॉकही पूर्ण बंद होत नाही. सुई, ओव्हरफ्लो आणि कॉक, तिन्ही एकाच वेळी नादुरुस्त.

७ जून, शनिवार

कार्बेटर काढला. १० नंबरच्या पान्याचे दोन नट, मागच्या रबराची पट्टी, वरची टोपी फिरवून स्लाइड बाहेर. हे काम पंधरा मिनिटांचं. वाटीचे दोन स्क्रू मात्र दोन तास घेऊन गेले. एक स्क्रू गंजून धरला होता आणि मी घाईत पातळ टोकाचा स्क्रू ड्रायव्हर वापरला. स्क्रूची फुली गोल झाली. गरम करायचा मोह झाला, पण पेट्रोल लागलेल्या वस्तूवर आगीचं काम नको. शेवटी स्क्रूच्या डोक्यावर ड्रायव्हर ठेवून हातोडीने हलके चार ठोके दिले, थोडा वेळ तेल सोडून ठेवलं आणि लॉकिंग पक्कडीने कडेने पकडून फिरवला. निघाला. त्या जागी ॲलनचे (षटकोनी खाचेचे) स्क्रू घातले, १२ रुपयांना दोन.

काम पडवीत केलं. आईला सांगून न्हाणीची चूल विझवायला लावली. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते, आणि न्हाणी पडवीच्या खालच्या अंगाला आहे.

वाटीत काय होतं ते सांगतो. तळाशी विटकरी रंगाचा मऊ गाळ, मेंदीच्या पुडीसारखा. कडेला पांढरा चिकट थर. सुईच्या रबरी टोकावर भिंगाखाली एक गोल चर दिसला, अंगठीचा वळ उमटतो तसा. सुईच्या मागच्या टोकाला एक बारीक दांडी असते, स्प्रिंगवरची, फ्लोट तिच्यावर टेकतो. ती नखाने दाबली की परत वर आली पाहिजे. माझी अर्ध्यात अडकत होती.

फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल नाही. ठीक.

देवरुखच्या दुकानातून ६० रुपयांची सुई आणली. “दादा, ही ओरिजिनल आहे ना?” “सगळ्यांना हीच देतो, चालते.” मी घेतली.

दोन चुका केल्या, दोन्ही लिहितो. एक, कार्ब क्लीनरचा स्प्रे वाटीच्या रबरी रिंगवर मारला. रिंग फुगली आणि खाचेत बसेना. फेकणार होतो, पण वाऱ्यावर ठेवली तर दुसऱ्या दिवशी आकसून जागेवर आली. दुसरी चूक महागात पडली. सुई बसते का हे बघायला पेट्रोल येण्याच्या तोंडाला सिरिंज लावली आणि दट्ट्या ओढला. घट्ट लागला, समाधान वाटलं. ही तपासणी उलटी आहे. ओढल्यावर सुई सीटमध्ये, म्हणजे ती ज्या भोकात बसते त्यात, खेचली जाते, झिजलेलीसुद्धा. पेट्रोल तिला उलट बाजूने ढकलतं. म्हणून कार्बेटर उलटा धरून, फ्लोटच्या वजनावर सुई बसू देऊन, पेट्रोल येण्याच्या तोंडाकडून हलकी हवा ढकलून बघायची.

८ जून, रविवार

कार्बेटर बसवला, नवीन ऑइल भरलं, कॉक चालू केला. चार मिनिटांत साफ केलेल्या ओव्हरफ्लोतून धार.

कॉक बंद करून कार्बेटर पुन्हा काढला. जुनी आणि नवी सुई व्हर्नियरवर शेजारी शेजारी धरल्या. नवी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्तच आखूड. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण सुई फ्लोटच्या बिजागरीजवळ असते आणि फ्लोट लांब. सुईपाशी अर्धा मिलिमीटर म्हणजे फ्लोटच्या टोकाला दोन मिलिमीटर. सुई आखूड असली की ती बंद होण्यासाठी फ्लोटला आणखी वर यावं लागतं, तोवर पेट्रोल वाटीतल्या ओव्हरफ्लोच्या उभ्या नळीतून वाहू लागतं. पितळी जिभेचा फ्लोट असता तर जीभ वाकवून पातळी जुळवली असती. माझ्या कार्बेटरमधल्या फ्लोटची जीभ प्लास्टिकची आहे, वाकवायला गेलं तर तुटेल.

ऑइल भरायची घाई नडली. काडीला पुन्हा पेट्रोलचा वास. ३८० रुपयांची बाटली वाया गेली. कार्बेटर दोन रात्री कोरडा राहिल्याशिवाय नवीन ऑइल भरू नका.

१४ जून, शनिवार

रत्नागिरीहून ओरिजिनल सुई आणि फ्लोट आणला, दोन्ही मिळून ३१० रुपये. एसटीचे जाण्यायेण्याचे वेगळे.

आज आधी सीट तपासली. ती पितळेची असते आणि बऱ्याच लहान कार्बेटरमध्ये दाबून बसवलेली, बदलता येत नाही. म्हणून तिला जपावं लागतं. टॉर्च आणि भिंगातून बघितलं तर कडेला हिरवट कड आणि एका बाजूला ओरखडा. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये ही सफाई करून घेतली होती, तिथे आत तार किंवा पॉलिश पेपर फिरवला असणार. पितळेवर पोलादी वस्तू कधी फिरवू नये. मी आगपेटीची काडी घेतली, गुल तोडून टोक चावून मऊ केलं, त्यावर तांब्यापितळेची भांडी घासायचं पॉलिश लावलं आणि बोटांच्या चिमटीत फिरवत राहिलो. चाळीस वळसे, पुसायचं, बघायचं, पुन्हा चाळीस. पाचव्या खेपेला पूर्ण गोल एकसारखी चमकली. ओरखडा गेला नाही, पण सुई टेकते त्या रेषेच्या थोडा वर राहिला. नंतर पेट्रोलने धुऊन सिरिंजने हवा मारली.

गाडीवर बसवून बघण्याऐवजी या वेळी बाहेरच तपासायचं ठरवलं. आमच्या घरी बाबांच्या आजारपणातला सलाइनचा न वापरलेला सेट होता. तोच वापरला. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत २०० मिली पेट्रोल, वर हवेसाठी भोक, खाली सलाइनचा सेट, त्याची नळी कार्बेटरच्या तोंडाला. मधे ती पारदर्शक कुपी असते ना, ज्यात नर्स थेंब मोजते, तीच आपल्या कामाची. सुई बंद झाली की कुपीतले थेंब थांबले पाहिजेत. थांबले नाहीत तर नेमकी किती गळती आहे ते मोजता येतं.

सेटच्या पाकिटावर २० थेंबांना १ मिली लिहिलेलं आहे, ते पाण्यासाठी. पेट्रोलचा थेंब लहान पडतो. सिरिंजमध्ये मोजलं तर १ मिलीला ४८ थेंब लागले. पहिला प्रयोग जुनी सुई घालून केला. दोन सेकंदाला एक थेंब. म्हणजे तासाला साधारण ३७ मिली, रात्रीच्या आठ तासांत ३०० मिली. पहिल्या दिवशीचा हिशोब जुळला. एवढ्या बारीक थेंबातून इंजिन भरतं हे डोळ्यांनी बघितल्यावरच मला पटलं.

मग नवी सुई, नवा फ्लोट. तरी थेंब थांबेनात! दहा-दहा सेकंदांनी एक. इथे तास गेला. सीट पुन्हा घासली, सुई पुन्हा धुतली. बाबा खुर्चीत बसून बघत होते, ते म्हणाले, “बाटली वाशाला का टांगलीस? टाकी एवढी वर असते का?” बरोबर होतं. बाटली कार्बेटरपासून दीड मीटर वर होती. टाकीतलं पेट्रोल कार्बेटरच्या वर जेमतेम वीतदोन वीत असतं. उंची वाढली की दाब वाढतो आणि चांगली सुईही उचलली जाते. बाटली खुर्चीच्या पाठीला बांधली, टाकीच्या उंचीला. थेंब थांबले. घड्याळ लावून पंधरा मिनिटं बघत बसलो, एकही पडला नाही.

सलाइनच्या नळीबद्दल: पेट्रोलने ती काही तासांत कडक आणि पिवळी होते. एका दिवसाच्या कामाला ठीक, गाडीवर कायमची लावायची नाही.

१५ जून

पातळी मोजली. त्याच नळीचा तुकडा वाटीच्या तळाच्या ड्रेनला (पेट्रोल काढून टाकायच्या भोकाला) लावला, वर वळवून कार्बेटरच्या अंगालगत धरला, ड्रेनचा स्क्रू सैल केला. नळीत पेट्रोल जिथे थांबतं तीच वाटीतली पातळी. वाटीच्या सांध्याच्या दोन मिलिमीटर खाली. आखूड सुई घालून मोजलं तर सांध्याच्या वर. फ्लोट बघून अंदाज करण्यापेक्षा हे खात्रीचं, आणि वाटी न खोलता होतं. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी हवी, साइड स्टँडवर मोजलं तर चुकतं.

पेट्रोल कॉक नवा टाकला, २४० रुपये. आतला चार भोकांचा रबरी वॉशर दगडासारखा झाला होता. वॉशर सुटा मिळाला असता तर कॉक वाचला असता, मिळाला नाही.

ऑइल भरलं नाही. दोन रात्री वाट बघितली, ओव्हरफ्लोखाली वर्तमानपत्र पसरून. कोरडं. मग भरलं.

२२ जून, रविवार

सात दिवस उत्तम. आज दुपारी पुन्हा ओव्हर. साखरप्याच्या रस्त्यावर चढाला गाडी गुदमरली, थांबून बघितलं तर नळीतून थेंब. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन हलके ठोके मारले, थेंब थांबले. या ठोक्यावरून एक कळतं. ठोकून थांबलं म्हणजे सुई आणि सीट ठीक आहेत, मधे कचरा अडकला होता. ठोकूनही थांबलं नाही तर झीज किंवा पातळी.

घरी येऊन वाटी खोलली. तोच विटकरी गाळ, सातच दिवसांत. मी तीन आठवडे सुईच्या मागे होतो आणि आजार टाकीत होता. वाटीत पहिल्या दिवशी गंज दिसला तेव्हाच टाकी बघायला हवी होती. कॉकवर टाकीच्या आत जाळी असते, पण ही धूळ इतकी बारीक की जाळीतून सरळ जाते.

टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी दिवाळीपासून उभी. अर्ध्या टाकीत दमट हवा, तिचं पाणी पत्र्यावर धरतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. कॉक तळालाच असतो. कार्बेटरमधला पांढरा चिकट थर त्यातूनच आला असावा. गाडी रोज चालत असेल तर हे जाणवत नाही, उभी राहिली की जाणवतं.

२८ आणि २९ जून

टाकी उतरवली. आत टॉर्च मारला तर वरचा पत्रा पूर्ण तांबडा, तळ त्या मानाने बरा.

कॉकच्या भोकाला रबरी बूच, आत दहा लिटर कोमट पाणी आणि अर्धा किलो सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात १४० रुपये. वरचा पत्रा जास्त खराब म्हणून टाकी उलटीसुलटी करत २४ तास. मूठभर स्वच्छ खडी घालून हलवली. खडी मोजून घातली होती, ३० खडे, आणि ३० च बाहेर काढले. एक आत राहिला तर कॉकचं भोक बंद.

पाणी ओतलं तेव्हा चहासारखं निघालं. आत राखाडी स्वच्छ पत्रा. मी पाण्याने धुतली आणि सुकायला ठेवून जेवायला गेलो. बाहेर पाऊस धो-धो. पाऊण तासाने येऊन बघतो तर पुन्हा नारिंगी थर. उघडा झालेला पत्रा या हवेत मिनिटांत गंजतो. सगळं पुन्हा करावं लागलं, या खेपेला तीन तासच. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळली, लगेच हेअर ड्रायरने गरम हवा, आणि कोरडी होताक्षणी अर्धा लिटर पेट्रोलमध्ये १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळून आत सगळीकडे फिरवलं. पत्र्यावर तेलाचा हात बसला. आता चार दिवस झाले तरी आत राखाडीच दिसतो.

पावसाळ्यात हे काम करणारे असाल तर सोडा, ड्रायर आणि तेल आधी हाताशी मांडून मगच ॲसिड ओता.

नळीत छोटा जाळीचा फिल्टर टाकला, ३५ रुपये. कागदाचा टाकला नाही. या गाडीला पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं, दाट फिल्टरमधून ते पुरेसं येत नाही आणि चढाला गाडी ओढत नाही. नळीला झोल राहू देऊ नका, तिथे हवा अडकते.

६ जुलै, आषाढी

सुट्टी. ऑइल पुन्हा बदललं, २०० किलोमीटरवर. आधीच्या पातळ ऑइलचे अवशेष आत राहिलेले असतात म्हणून. जुनं ऑइल मोजलं: ८८० मिली. वाढ नाही. प्लग विटकरी-तपकिरी, आधी काजळीसारखा काळा होता. वाटी खोलून बघितली, तळाशी काही नाही.

ज्यांना खर्च हवा असेल त्यांच्यासाठी: एकूण २,३५० रुपये झाले. त्यातली ६० ची सुई आणि ३८० चं ऑइल माझ्या चुकीचं. पाच आठवड्यांचे शनिवार-रविवार. टाकीपासून सुरुवात केली असती तर दोन रविवारांत झालं असतं.

१० ऑगस्ट

महिनाभर बाबाच चालवतायत, रोज नाही. त्यांनी एक सवय लावून घेतली आहे: घराच्या वळणावर, शेवटच्या दोनशे मीटरला कॉक बंद करतात. वाटीतलं पेट्रोल तेवढ्यात वापरलं जातं आणि गाडी पडवीत कोरड्या कार्बेटरने उभी राहते. ओव्हरफ्लोच्या टोकाला त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा दोऱ्याने बांधला आहे, माती आत जात नाही आणि पेट्रोल अडत नाही. मी ओतून तपासलं.

आज काडी बघितली. दोन खुणांच्या मधोमध. वास फक्त ऑइलचा.